आजीच्या गुडघ्याचा एक्स-रे आणि तुमचे प्रश्न

या वेळी रेडिओलॉजीबद्दल, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय बघून आजार ओळखणाऱ्या आमच्या ब्रँचबद्दल, पत्रं बरीच आली, निम्मी अकरावी-बारावीच्या पोरांची आणि निम्मी त्यांच्या आईवडिलांची. चार घेते. पहिलं उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी बार्शीला अकरावी सायन्सला आहे. गेल्या वर्षी आजीला घेऊन एमआरआयला गेलो होतो, तिथल्या डॉक्टरांनी स्क्रीनवर तिचा मणका दाखवला, तेव्हापासून मला रेडिओलॉजिस्टच व्हायचंय. पप्पांनी मोबाईलवर एक ऑनलाइन रेडिओलॉजी कोर्स बघितलाय, फी 25 हजार, शेवटी सर्टिफिकेट देतात. लावू का? आणि मेडिकलला जायच्या आधी अजून काय तयारी करता येईल?

उत्तर: कोर्स लावू नको. पप्पांना सांग की ते सर्टिफिकेट ना एमबीबीएसच्या अ‍ॅडमिशनला मोजतात ना पुढे पीजीला, दोन्हीकडे फक्त नीटचा स्कोअर बघतात. फुकटात बघायचंच असेल तर रेडिओपीडिया नावाची साइट आहे, जगभरचे डॉक्टर तिथे केसेस टाकतात, रविवारी अर्धा तास बघ, पण रोज नको, कारण तुझी केमिस्ट्री राहील.

आधी हिशोब बघ. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट पीजी, मग तीन वर्षं एमडी रेडिओडायग्नोसिस (रेडिओलॉजीचंच कागदावरचं नाव) नाहीतर त्याच तोडीची डीएनबी. सगळं पहिल्या फटक्यात झालं तरी सत्ताविशी येते, सरकारी सेवेचा बॉन्ड असेल तर अजून पुढे. शिवाय एमडी रेडिओच्या सीटा वरच्या रँकवाले आधी उचलतात, त्यामुळे आज ठरवलं म्हणून दहा वर्षांनी मिळेलच असं नाही, आणि मधे वॉर्डात तुला मेडिसिन किंवा पिडियाट्रिक्स आवडून गेलं तर? आवडू दे की. म्हणून मी म्हणते, आत्ता रेडिओलॉजी शिकायची नाही, आत्ता डोळा तयार करायचा. बघायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं, बस.

कसं ते सांगते. घरात एक्स-रेचं एखादं पाकीट असेलच, कपाटावर नाहीतर गादीखाली. समजा आजीच्या गुडघ्याचा आहे. खिडकीच्या उजेडात धर (सूर्याकडे धरून बघू नको, आणि ग्रहण तर त्यातून अजिबात नाही, आमच्या लहानपणी अख्खी गल्ली हेच करायची). रिपोर्ट उघडू नको. कोपऱ्यात आर आहे की एल ते आधी बघ, म्हणजे उजवा की डावा ते कळेल. मग रंग बघ. हवा सगळ्यात काळी, चरबी त्याहून थोडी कमी, मांस आणि पाणी राखाडी, हाड पांढरं, आणि धातू असला तर पांढराफटक. दोन हाडांच्या मधे काळपट फट दिसेल. ती फट रिकामी नसते, तिथे कूर्चा असते, ती एक्स-रेत हाडासारखी पांढरी उठून दिसत नाही एवढंच. आता फट आतल्या बाजूला किती आणि बाहेरच्या बाजूला किती, सारखी आहे का, हाडाची कड गुळगुळीत आहे की कुठे टोक आलंय, असं सगळं वहीत दहा ओळी लिही. एकच अट, ‘झीज’ हा शब्द लिहायचा नाही. झीज हा निष्कर्ष झाला, तुला दिसली ती फट. दहा ओळी झाल्या की मग रिपोर्ट काढ आणि ताडून बघ की तुझं काय सुटलं.

सुटतंच. माझंही सुटलंय. रेसिडेन्सीचं, म्हणजे पीजी करतानाचं, पहिलं वर्ष, नाइट ड्यूटी, अ‍ॅक्सिडेंटच्या पेशंटचा छातीचा एक्स-रे आला, मला तुटलेली बरगडी दिसली आणि मी एवढी खूश झाले की तेवढंच लिहून पुढच्या फिल्मकडे वळले. सकाळी सीनियर चहाचा ग्लास घेऊन आल्या, फिल्म बघितली आणि म्हणाल्या, अजून? मी परत बरगडीवरच बोट ठेवलं. त्यांनी काही न बोलता ग्लासाच्या कडेने फुफ्फुसाचं वरचं टोक दाखवलं, तिथे केसासारखी बारीक पांढरी रेघ होती आणि रेघेच्या पलीकडे नुसता काळा पट्टा, फुफ्फुसाच्या रेषाच नाहीत. म्हणजे फुफ्फुसाबाहेर हवा साठली होती. नशीब, वॉर्डातल्या सर्जनने पेशंटचा श्वास बघून रात्रीच ती हवा काढायला नळी टाकलेली. एक सापडलं की डोळा थांबतो, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय. अमेरिकेत यावर एक गमतीशीर प्रयोग झालाय, 2013 साली छापून आला, फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये मुद्दाम गोरिलाचं चित्र घातलं आणि 24 रेडिओलॉजिस्टना बारीक गाठी शोधायला सांगितलं, तर 20 जणांना गोरिला दिसलाच नाही! म्हणून वहीत दहा ओळी सांगितल्या, चार नाही.

दुसरं म्हणजे फिजिक्स. तुझ्या वर्गातली निम्मी पोरं म्हणतात ना, डॉक्टर व्हायचंय तर फिजिक्स कशाला? नीटला 720 पैकी 180 मार्क त्याचेच आहेत हे एक, आणि आमच्या ब्रँचचा पाया तोच आहे. एक्स-रे 1895 ला शोधणारा राँटगेन फिजिक्सचा प्रोफेसर, सीटी स्कॅन बनवणारा हाउन्सफिल्ड इंजिनियर, त्याला 1979 चं नोबेल मिळालं ते मात्र मेडिसिनचं. सोनोग्राफीचंच घे. पोटावर जेल का लावतात? प्रोब (पोटावर फिरवतात तो) आणि कातडीमधे हवा राहिली तर आवाज तिथूनच परत फिरतो, आत जातच नाही. आवाज शरीरात सेकंदाला 1540 मीटर जातो असं मशीन धरून चालतं. आता प्रतिध्वनी 130 मायक्रोसेकंदांनी परत आला तर तो किती खोलवरून आला? काढ बघू. 10 सेंटीमीटर आलं पाहिजे, 20 आलं असेल तर जाऊन-येऊनचं अंतर दोनने भागायचं विसरलास.

ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन बसू का, हेही बरेच जण विचारतात. रिपोर्टिंगच्या खोलीत, पेशंटचं नाव झाकून, डॉक्टर हो म्हणाले तर एखादा तास बस. एक्स-रेच्या खोलीत मदतीला नको, 18 च्या आतल्या कुणालाही रेडिएशनचं काम देता येत नाही, नियमच आहे. आणि गरोदर बाईच्या सोनोग्राफीला मी तर कुणाच्याच मुलाला आत बसवणार नाही. गर्भलिंग तपासणीविरोधात कायदा देशात पहिल्यांदा आपल्याच राज्याने केला 1988 ला, मग 1994 ला केंद्राचा आला, आणि आजही सोनोग्राफीला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईमागे आम्ही त्या कायद्याचा फॉर्म एफ भरतो, त्यात चूक झाली तरी डॉक्टर अडकतो. स्क्रीनचा फोटो काढून स्टेटसला टाकलास तर मात्र माझं नाव सांगू नको.

प्रश्न: मॅडम, मुलगी बारावीला आहे, तिला हीच लाइन घ्यायची आहे. पण घरचे म्हणतात मुलीच्या जातीला रेडिएशन नको, पुढे मूलबाळ व्हायचंय. मी काय सांगू? (एक आई, संगमनेर)

उत्तर: ताई, घरच्यांना सांगा की सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच, आणि आमचा दिवसाचा मोठा वेळ तिथे नाहीतर कॉम्प्युटरसमोर जातो. जिथे एक्स-रे असतात तिथे लेड एप्रन, म्हणजे किरण अडवणारा शिशाचा एप्रन असतो, छातीवर रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज असतो, त्यावरून दर काही महिन्यांनी किती डोस लागला ते मोजून येतं. वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची (हे रेडिएशनच्या डोसचं माप) मर्यादा आहे, आणि दिवस राहिल्याचं कळवलं की पुढच्या काळात पोटातल्या बाळासाठी फक्त 1. मी दोन्ही बाळंतपणांच्या वेळी काम केलंय, मुलगा आता दहावीला आहे आणि मोबाईल सोडत नाही, पण तो रेडिएशनचा दोष नाही.

प्रश्न: एआयमुळे रेडिओलॉजिस्टची गरजच संपणार असं ऐकतो. पोराला या लाइनला घालावं का? (एक वडील, चिपळूण)

उत्तर: 2016 ला जेफ्री हिंटननी, म्हणजे एआयमधल्या फार मोठ्या माणसाने, रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंद करा असं जाहीर सांगितलं होतं. पुढे 2024 ला त्यांना नोबेल मिळालं, आणि माझ्या टेबलावरच्या रिपोर्टांचा ढीग काही कमी झाला नाही. गंमत सोडा, मशीन आलंय हे खरंय. आपल्या मुंबईच्याच क्युअर डॉट एआय कंपनीचं सॉफ्टवेअर छातीच्या एक्स-रेवर टीबीचा संशय दाखवतं, जिथे रेडिओलॉजिस्ट नाही तिथे ते कामाचं आहे. पण सोनोग्राफीचा प्रोब कुणीतरी फिरवायचा असतो, लिव्हरमधल्या गाठीत सुई कुणीतरी घालायची असते, आणि रात्री दोनला सर्जनचा फोन येतो की ऑपरेट करू का, तो कुणीतरी उचलायचा असतो. आणि तुम्ही ‘घालावं का’ म्हणताय, पोरालाच विचारलंय का?

प्रश्न: एका इन्स्टिट्यूटवाल्याने सांगितलं की बीएससी रेडिओलॉजी केलं की नीट न देता रेडिओलॉजिस्ट होता येतं. खरं का?

उत्तर: नाही. बीएससी करून तू टेक्नॉलॉजिस्ट होशील, म्हणजे मशीन चालवणारा, पेशंटला नीट झोपवून चांगली इमेज काढणारा. काम उत्तम आहे, चांगला टेक्नॉलॉजिस्ट नसेल तर आम्ही आंधळे, आणि ते करायचंच असेल तर खुशाल कर. पण रिपोर्ट देणारा रेडिओलॉजिस्ट एमबीबीएस करूनच होतो. इन्स्टिट्यूटवाल्याला परत जाऊन एवढंच विचार, की मी कोर्स केल्यावर रिपोर्टवर सही कुणाची असणार? आणि फी भरायच्या आधी विचार.