‘मेघ-आधारित विदा गोदाम’ की ‘क्लाउडवरील विदावखार’?

प्रश्न : आमची कृषिनिविष्ठांची वितरण पेढी असून नाशिक, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी आणि सिन्नर येथे शाखा आहेत. एका संगणक सेवापुरवठादाराने दिलेल्या मराठी माहितीपत्रकाचा मथळा ‘मेघ-आधारित विदा गोदामाची वैशिष्ट्ये व लाभ’ असा आहे आणि आत ‘अबाष्पशील साठवण’, ‘स्तंभीय मांडणी’ असे शब्द आहेत. यांचा अर्थ काय, आणि ‘डेटा वेअरहाउस’साठी ‘गोदाम’ हा शब्द योग्य आहे का?

उत्तर : ‘गोदाम’ चुकीचा नाही, पण ‘वखार’ अधिक नेमका आहे. बोलण्यात आपण दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरतो. मात्र शासकीय मराठीत ‘वेअरहाउसिंग’ला ‘वखार’ हा प्रतिशब्द केव्हाच रुळला असून १९५७ साली स्थापन झालेले महामंडळ आज ‘महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ’ याच नावाने काम करीत आहे. आपल्या व्यवसायातील मंडळींना वखार पावती ठाऊक असतेच. वखारीत येणारा माल तोलला जातो, त्याची प्रत पाहिली जाते, नोंद होते, आणि त्या नोंदीवर विसंबून बँक तारण कर्ज देते. माल नुसता आत नेऊन ठेवणे आणि दुसऱ्याने भरवसा ठेवावा अशा रीतीने ठेवणे यांत जो फरक आहे, तोच संगणकातील साध्या साठ्यात आणि डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे व्यवसायाच्या सगळ्या नोंदी एकत्र आणून अहवालांसाठी लावून ठेवलेल्या साठ्यात आहे. ‘सुरतेची वखार’ आणि ‘लाकडाची वखार’ या जुन्या प्रयोगांमुळे शब्दाला थोडा इतिहासाचा नि थोडा भुशाचा वास येतो खरा, परंतु त्याने काही बिघडत नाही.

‘विदा’विषयी माझे मत थोडे सावध आहे. ‘डेटा’साठी हा आटोपशीर शब्द आहे आणि ‘माहिती’पासून त्याचा वेगळेपणाही राखता येतो, कारण विदा चाळून, जुळवून जे कळते ती माहिती. अडचण विभक्तिप्रत्यय लावताना येते. ‘घोडा’चे ‘घोड्याचे’ होते त्या नियमाने ‘विदा’चे ‘विद्याचे’ व्हावे, आणि तसे लिहिले की वाचणाऱ्याला शिक्षण आठवते. म्हणून पुष्कळ जण नियम मोडून ‘विदाचे’ लिहितात. समासात ही अडचण उरत नाही. ‘विदावखार’ हा स्त्रीलिंगी शब्द ‘विदावखारीत’, ‘विदावखारी’ असा सुखाने चालतो. तोंडी व्यवहारात ‘डेटा वेअरहाउस’ म्हणण्यातही कमीपणा नाही.

आता अर्थाकडे वळू. १९८८ साली आयबीएम या संगणक कंपनीच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी एका लेखात ‘बिझनेस डेटा वेअरहाउस’ची रचना मांडली, आणि पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी संगणकतज्ज्ञ बिल इनमन यांनी या साठ्याची चार लक्षणे सांगितली, जी आजही प्रमाण मानली जातात. तो विषयानुसार लावलेला असतो, एकजीव केलेला असतो, काळाच्या नोंदीसह असतो आणि एकदा आत गेलेली नोंद सहसा बदलली जात नाही. या चौथ्या लक्षणाला इंग्रजीत ‘नॉन-व्होलाटाइल’ म्हणतात, त्याचेच माहितीपत्रकाने ‘अबाष्पशील’ केले आहे. ‘बाष्पशील’ हा शब्द रसायनशास्त्रात स्पिरिट किंवा कापूर यांच्या संदर्भात शोभतो. येथे ‘कायम राहणारी नोंद’ एवढे पुरे.

दुसरे लक्षण, एकजीव करणे, हे सर्वांत कष्टाचे, आणि माहितीपत्रके त्यावरून सहसा भरभर पुढे जातात. आपल्या एका शाखेत द्राक्षबागांसाठीचे तेच विद्राव्य खत ‘०:५२:३४’ असे, दुसरीत ‘०-५२-३४’ असे आणि तिसरीत ‘झिरो बावन्न चौतीस’ असे नोंदले असेल, तर संगणकाच्या लेखी ती तीन खते आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर त्याचा एकूण खप किती झाला, या प्रश्नाचे उत्तर ही नावे एक केल्यावाचून मिळणार नाही. हे काम वखारीत भरण्यापूर्वी किंवा भरल्यानंतर केव्हाही करता येते, पण ते करावेच लागते, आणि साठा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या यंत्रांवर, नेल्याने ते आपोआप होत नाही.

‘स्तंभीय मांडणी’ हा शब्द मात्र बरोबर आहे. बिलाची नोंद करणारी नेहमीची प्रणाली एका बिलाची सगळी माहिती एकत्र, म्हणजे ओळीने ठेवते. विदावखार सगळ्या रकमा एकीकडे आणि सगळ्या तारखा एकीकडे, अशी रकान्यांनी ठेवते. त्यामुळे पाच वर्षांची महिनावार विक्री काढताना ग्राहकाचे नाव, पत्ता, वाहन क्रमांक हे काहीच वाचावे लागत नाही. शिवाय एका रकान्यात तीच ती मूल्ये पुन्हा पुन्हा येत असल्याने साठा दाबून लहान करता येतो. ‘रकानेवार मांडणी’ म्हटले तर हिशेबनिसालाही चटकन कळेल.

राहिला ‘मेघ’. भारत सरकारच्या क्लाउड उपक्रमाचे नाव ‘मेघराज’ आहे, तेव्हा या शब्दाला आधार आहे. तरीही सामान्य वाचकासाठी मी ‘क्लाउड’च ठेवीन. ‘आधारित’ मात्र नको. मराठीत वस्तू घरात असते, फळीवर असते, ‘फळी-आधारित’ नसते, म्हणून ‘क्लाउडवरील’. या ‘वरील’मध्येच लाभ दडलेला आहे, कारण यंत्रे आपली नसतात. गूगलची बिगक्वेरी २०१० मध्ये आणि ॲमेझॉनची रेडशिफ्ट २०१२ मध्ये जाहीर झाली (या दोन्ही क्लाउडवरील विदावखारीच्या सेवा), त्यापूर्वी अशा सोयीसाठी महागडी यंत्रे आधीच विकत घ्यावी लागत आणि तीही सर्वाधिक कामाचा अंदाज धरून. क्लाउडवर साठवण आणि गणनशक्ती (प्रश्न सोडवणाऱ्या यंत्रांची ताकद) यांची आकारणी बहुधा वेगवेगळी असते. साठा वर्षभर स्वस्तात पडून राहतो, आणि छाटणीच्या हंगामात अहवाल वाढले की तेवढ्यापुरती शक्ती वाढवून नंतर कमी करता येते. ‘स्केलेबिलिटी’चे ‘मापनीयता’ असे भाषांतर आढळते, ते ‘मोजता येणे’ असा भलताच अर्थ देते. ‘गरजेनुसार क्षमता वाढवण्या-घटवण्याची सोय’ हे लांब आहे, पण खरे आहे. तसेच ‘वापराइतकेच पैसे’ या वाक्याची दुसरी बाजूही वाचावी. बिगक्वेरीच्या एका आकारणी पद्धतीत प्रश्नासाठी जितका विदा वाचला जातो, तितके शुल्क लागते. त्यामुळे हवे ते दोनच रकाने न मागता सगळेच मागवण्याची सवय बिलात दिसते.

एका ठिकाणी मात्र ‘वखार’ कटाक्षाने टाळावी. स्नोफ्लेक या क्लाउडवरील विदावखारीच्या प्रणालीत ‘व्हर्च्युअल वेअरहाउस’ हे नाव साठ्याला नसून प्रश्न सोडवणाऱ्या यंत्रांच्या संचाला आहे. तो संच बंद केला तरी विदा जागच्या जागी राहतो आणि त्या संचाचे शुल्क थांबते. तेथे ‘आभासी वखार बंद करा’ असे लिहिले, तर वाचणारा साठा जाईल या भीतीने ती रात्रंदिवस चालू ठेवील आणि पैसे भरत राहील. त्यासाठी ‘गणनसंच’ वापरावा. आपल्या माहितीपत्रकाचा मथळा ‘क्लाउडवरील विदावखार : सोयी आणि फायदे’ असा करून घ्यावा, आणि पुरवठादाराची प्रणाली स्नोफ्लेकची असल्यास आतल्या मजकुरात ‘वेअरहाउस’ कोणत्या अर्थाने आला आहे, हे प्रत्येक ठिकाणी तपासून घ्यावे.