खेळगप्पा : बुटक्या मॅकला पुढचा सामना मिळेल का?

प्रश्न : दादा, नमस्कार. मी आर्णी तालुक्यात शेती करतो, वय ४४. बारावीला नागपुरात मामाकडे होतो, तेव्हा शेजारच्या घरी अमेरिकेहून आणलेला 'पंच-आउट' हा बॉक्सिंगचा व्हिडिओ गेम खेळायला मिळायचा. परवा पोराने तोच गेम टीव्हीवर लावून दिला. ठोसा दिसतो, बटणही दाबतो, तरी मारच खातो. म्हातारा झालो काय? आणि याचा नवा भाग येणार आहे का?

उत्तर : भाऊ, म्हातारपणाचं नंतर पाहू. आधी सांगा, टीव्ही कोणता? जुन्या डब्बा टीव्हीत चित्र लगोलग उमटायचं. आताचा सपाट टीव्ही चित्र चकाचक करत बसतो आणि तेवढ्यात क्षणाचा बारका तुकडा खातो. मालिका पाहताना ते कळत नाही, इथे मात्र तेवढ्यात जबडा सुजतो. सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो चालू करा. त्यानंतर जे उरेल ते म्हातारपण तुमचं.

दारव्ह्याला बस स्टँडच्या मागे माझं गेमचं दुकान होतं. तीन टीव्ही, एक स्टॅबिलायझर, दोन रुपयांत पंधरा मिनिटं. 'लाखो गेम'वाल्या कॅसेटी होत्या, त्यात तेच दहा-बारा गेम फिरून फिरून यायचे. मारिओ होता, काँट्रा होता, टँक होता. पंच-आउट एकाही कॅसेटीत सापडला नाही. पुढे कळलं, ती मोठमोठी चित्रं हलवायला गेम बनवणाऱ्या जपानच्या निन्टेन्डो कंपनीने त्या कॅसेटीत एमएमसी२ नावाची वेगळीच चिप घातली होती. स्वस्तातली कॅसेट बनवणारा एवढी उठाठेव काहून करेल? दुकान बंद झाल्यावर भाच्याच्या कॉम्प्युटरवर खेळलो तेव्हा समजलं, आपल्या पोट्ट्यांचं काय हुकलं ते.

लोक याला बॉक्सिंगचा गेम म्हणतात. मला तो बैल ओळखण्याचा गेम वाटतो. शिंग हाणण्याआधी बैल मान कशी घालतो, हे तुम्हाला कोणी शिकवलं नसेल. इथेही तसंच. समोरचा एक गडी, किंग हिप्पो, तोंड उघडतो, त्याच वेळी तोंडावर हाणलं की चड्डी घसरते. ती सावरण्यात त्याचे हात गुंततात आणि पोट मोकळं पडतं. एकदा पडला की उठतच नाही. दुसरा गडी बाल्ड बुल तर शंकरपटातल्या जोडीसारखा उधळत येतो. भलेभले बाजूला पळतात. खरी मजा जागेवर उभं राहून नेमक्या क्षणी पोटात एक ठोसा देण्यात आहे. बसला की गडी आडवा. तुमचा मॅक, म्हणजे तुम्ही खेळवता तो बुटका गडी, त्याच्या कमरेला लागतो, म्हणून तर हे गोड लागतं.

आता नव्या भागाचं. घरच्या मशीनवर तीनच मोठे भाग आले : १९८७, १९९४ आणि २००९. तिसरा कॅनडाच्या नेक्स्ट लेव्हल गेम्सने बनवला. २०२१ मध्ये ती कंपनीच निन्टेन्डोने विकत घेतली, म्हणजे बनवणारे हात आता घरातलेच. मालिकेचे मूळ कर्ते गेन्यो ताकेदा २०१७ मध्ये निवृत्त झाले. मॅक मधूनमधून निन्टेन्डोच्याच 'स्मॅश ब्रदर्स' या मारामारीच्या गेममध्ये पाहुणा म्हणून दिसतो, तेवढंच.

मला अडचण दिसते ती पात्रांची. प्रत्येक गडी म्हणजे एकेका देशाची टिंगल. रशियाच्या पहिलवानाचं मूळ नाव, नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, व्होडका ड्रंकेन्स्की होतं, घरच्या मशीनवर येताना ते सोडा पोपिन्स्की केलं. आपला ग्रेट टायगर मुंबईचा, फेटेवाला, जादूने गरगर फिरणारा. मला राग नाही येत. पण माझ्या पोरीने विचारलं, "बाबा, मुंबईचा माणूस असा असते का?" मला उत्तर सुचलं नाही. गंमत अशी की ठोसा मारण्याआधी त्याच्या फेट्यावरचा मणी लुकलुकतो आणि खेळ त्याच मण्यावर चालतो. टिंगल काढा, मणी ठेवा, एवढं ज्याला जमेल त्याने चौथा भाग करावा. मी वाट पाहत बसलेलो नाही. जुनाच अजून पुरता झाला नाही माझा.

प्रश्न : पोराच्या गेममध्ये शेवटी माइक टायसन येत नाही, कोणी मिस्टर ड्रीम येतो. गेम नकली आहे काय?

उत्तर : नाही बाप्पा, अस्सल आहे. टायसनच्या नावाचा करार संपला, म्हणून १९९० च्या आवृत्तीत त्याचं नाव आणि तोंडवळा बदलला. ठोसे तेच. पहिली दीड मिनिटं त्याचा एक अपरकट, म्हणजे खालून वर हाणलेला ठोसा, लागला की मॅक आडवा, दुसरा लागायची गरज नाही. भाच्याकडे मी ती दीड मिनिटं एकदाच काढली. हात घामाने चिकट झाले होते, भाचा मागे श्वास रोखून उभा होता. एक्क्याण्णवाव्या सेकंदाला लाईन गेली.