सात वर्षांनी भेटलेली लेक

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळची सांगलीची. आता कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहते आणि इथल्या सरकारी शाळेत मदतनीस म्हणून काम करते. आमच्याकडे सहावीत मेक्सिकोतल्या मिचोआकानहून एक मुलगी आली आहे. ती पाच वर्षांची असताना तिची आई कामासाठी इकडे आली, मुलगी आजीपाशी वाढली. आता बाराव्या वर्षी ती आईकडे आली, तर घरात सावत्र वडील आणि इथेच जन्मलेला चार वर्षांचा भाऊ. 'आई' अशी हाक ती आजीला मारते, जन्मदात्रीला नावानं बोलावते. दोघींचं पटत नाही. आई द्राक्षाच्या मळ्यात राबते. कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांच्या धरपकडीच्या बातम्या सुरू झाल्यापासून ती चर्चलाही जात नाही. झोप नाही, छाती धडधडते, 'नेर्विओस' (जीव घाबरा होणं) झालंय म्हणते. दवाखाना असो की घरमालक, दुभाषी म्हणून पोरगीच पुढे. माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ती बाई माझ्यापाशी मन मोकळं करते. मी यात पडावं का? पडले तर काय करावं?

उत्तर : जरूर पडा. तिनं आपणहून तुमच्याशी बोलायला सुरुवात केली, हीच मोठी गोष्ट आहे. एक पथ्य मात्र कडक पाळा. अमेरिकेत राहण्याच्या तिच्या कागदपत्रांची चौकशी करू नका, तिनं सांगितलं तरी कुठे लिहून ठेवू नका. शाळेला त्याची गरजच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात निकाल दिला आहे की कागदपत्रं नाहीत म्हणून कुठल्याही मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही. हे त्या आईला एकदा स्वच्छ सांगा, कारण शाळेचं दार बंद होईल ही धास्ती या घरांत फार असते.

आता मायलेकींचं. फ्रेस्नोच्या याच खोऱ्यातल्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून काम करताना अशा अनेक जोड्या माझ्यासमोर बसल्या आहेत. आई म्हणते, 'हिच्यासाठी मी उन्हातान्हात पाठ मोडून घेतली, दर पंधरवड्याला पैसे पाठवले, आणि ही माझ्याकडे बघतही नाही.' तिचं खोटं नाही. पण पोरीचं काय झालंय ते बघा. पाचव्या वर्षी तिची आई गेली. मग जिला तिनं आई मानलं, ती बाराव्या वर्षी सुटली. सगळे म्हणतात, आता भेट झाली, आनंद माना. तिचं सुतक मात्र कुणी पाळत नाही.

म्हणून आजीला दूर करू नका, मध्ये घ्या. एका अशाच घरासाठी मी आजीला फोनवर बोलावलं होतं. मुलगी टोपीचा स्वेटर डोळ्यांपर्यंत ओढून कोपऱ्यात बसलेली. आजी तिकडून लेकीला सांगत होती, हिला अंधारात झोप येत नाही, घशाला सूज लवकर येते, घेवड्यावर अंडं घातलं की ती ताट बाजूला सारते. आई पगाराच्या चिठ्ठीच्या पाठीवर भराभर लिहून घेत होती. तेवढ्यात स्वेटरमधून आवाज आला, 'अंडं आता खाते मी.' त्या दिवशी मुलगी आईशी बोलली ते एवढंच, पण बोलली. नंतर आजीनं नातीला जे सांगितलं ते दुसऱ्या कुणालाच सांगता आलं नसतं : तू आईवर माया केलीस तर माझ्यावरची कमी होणार नाही. तुमच्या ओळखीतल्या बाईंना हा फोन लावायला सांगा. रोजचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल चालू राहू दे. त्या वेळी लेकीनं आईकडे पाठ केली तरी आईनं मनाला लावून घेऊ नये. 'मला आई म्हण' हा हट्ट तर अजिबात नको. आणि सावत्र वडिलांनी सध्या रागावण्याचं काम आईवर सोडावं. ज्या माणसाची नुकती ओळख झाली, त्याच्या धाकात बारा वर्षांची पोर राहत नाही, आणि तिनं राहावंही का?

दुभाषीपणाबद्दल मला जास्त काळजी वाटते. दुकानात किंवा बसमध्ये आईसाठी चार वाक्यं बोलणं, यात मुलांना अभिमानच वाटतो. पण दवाखान्यात, वकिलाकडे, घरमालकाच्या भांडणात मूल नकोच. एकदा एक अकरा वर्षांची मुलगी आईच्या छातीतल्या गाठीबद्दल भाषांतर करत होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एक तपासणी करावी लागेल. मुलीनं आईला सांगितलं, 'काही नाही, बरं आहे म्हणतात.' आई घाबरू नये म्हणून. पुढे कित्येक रात्री ते ओझं तिनं एकटीनं वागवलं. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यानं दुभाषा फुकट द्यायचा असतो, आणि अगदी जिवावरचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलाच्या भाषांतरावर अवलंबून राहायला २०१६ पासून केंद्र सरकारच्या नियमानं मनाई आहे. अपॉइंटमेंट घेतानाच 'स्पॅनिश दुभाषा हवा' असं सांगायचं. घरात मिश्तेकसारखी मेक्सिकोतल्या आदिवासींची भाषा असेल तर तसं सांगायचं. मेक्सिकोतल्या ओआखाका राज्यातून आलेल्या अनेकांना स्पॅनिशही धड येत नाही, आणि दवाखान्यांच्या ते लक्षात येत नाही. हा फोन तुम्ही तिच्या शेजारी बसून करू शकता. पोरीच्या खांद्यावरचं मोठं ओझं त्यानं उतरेल.

भीतीबद्दल लिहिते. 'काही होणार नाही, घाबरू नका' असं कृपा करून म्हणू नका. तुम्हाला ते माहीत नाही आणि तिलाही कळतं की तुम्हाला माहीत नाही. ही भीती अंगात उतरते. १२ मे २००८ रोजी आयोवातल्या पोस्टव्हिल गावी मांसाच्या कारखान्यावर स्थलांतर खात्याची धाड पडली, ३८९ जणांना पकडलं. नंतर संशोधकांनी त्या राज्यातल्या जन्मनोंदी तपासल्या. धाडीनंतरच्या महिन्यांत लॅटिनो आयांची बाळं कमी वजनाची जन्मण्याचा धोका आदल्या वर्षीपेक्षा २४ टक्क्यांनी वाढला होता. ज्या आया जन्मानं अमेरिकन नागरिक होत्या, त्यांच्यातही. गोऱ्या आयांमध्ये असं काही दिसलं नाही.

या भीतीला मी पाहिलेला एकच उतारा आहे : करण्यासारखं काम ठरवून ते उरकणं. आपल्याला पकडलं तर मुलं कुणाकडे राहतील, शाळेतून त्यांना कोण आणेल, औषधं कुठे ठेवली आहेत, हे सगळं कागदावर आणायचं. मूल ज्या नातेवाइकाकडे राहील, त्याला शाळेचे आणि औषधपाण्याचे निर्णय घेता यावेत यासाठी कॅलिफोर्नियात एक साधा प्रतिज्ञापत्राचा फॉर्म आहे, त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. इथे जन्मलेल्या धाकट्याचा पासपोर्ट काढावा. फ्रेस्नोत मेक्सिकोची वकिलात आहे, तिथे त्याची मेक्सिकन नागरिक म्हणूनही नोंद होते. पुढे मायलेकरांना तिकडे जावं लागलं तर ही नोंद फार उपयोगी पडते. सल्ला मात्र खऱ्या वकिलाचा, किंवा न्याय खात्यानं मान्यता दिलेल्या संस्थेचाच घ्यावा. मेक्सिकोत 'नोतारिओ' म्हणजे मातब्बर वकील. त्याच नावाची पाटी लावून इकडे लोकांना लुबाडणारे खूप आहेत. आणि मुलीला या सगळ्यातलं तिच्या वयाला पेलेल तेवढंच सांगावं : कुणाकडे जायचं आणि कुठला नंबर पाठ करायचा.

छातीच्या धडधडीचं कारण मनातच आहे असं धरून चालू नका. आधी तपासून घ्यायला सांगा. उन्हाळ्यात फ्रेस्नोचा पारा चाळिशी ओलांडतो. मळ्यातल्या मजुराला तासाला जवळपास एक लिटर पाणी, सावली आणि मागेल तेव्हा थंडाव्याची विश्रांती देणं राज्याच्या नियमानं मालकावर बंधनकारक आहे. ती पाणी पिते का, की मुकादमाच्या भीतीनं पुढची ओळ गाठते, हे विचारा. तपासणीत काही निघालं नाही, तरी तिचा 'नेर्विओस' हा शब्द बदलू नका. 'तुला डिप्रेशन आहे' म्हटलं की या बायका उठून जातात. त्यांच्याच वस्तीतल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या बाया असतात, त्यांना प्रोमोतोरा म्हणतात. माझ्या अनुभवात पहिलं दार त्याच उघडतात. वकिलातीतही आरोग्याची खिडकी असते, तिथे फुकट माहिती मिळते.

तिचं चर्च सुटलंय, हे मला झोपेइतकंच गंभीर वाटतं. याच फ्रेस्नो काउंटीत मेक्सिकन वंशाच्या ३,००० हून जास्त प्रौढांची पाहणी झाली होती, १९९८ साली ती प्रसिद्ध झाली. मेक्सिकोतून आलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झाला होता, इथेच जन्मलेल्यांमध्ये मात्र ४८ टक्क्यांना. गरिबी, परकी भाषा, अंगमेहनत असूनही नवे आलेलेच जास्त टिकून होते. मला यात कोमाद्रे (मुलांच्या बाप्तिस्म्यातून जोडलेली मैत्रीण), चर्चमधली ओळख, एकमेकींची पोरं सांभाळणं हेच दिसतं. आपल्या भिशीसारखी त्यांची 'तांदा' असते. त्यात पैशाइतकीच महत्त्वाची असते ती दर आठवड्याची भेट. तेव्हा तिला एकटीला चर्चला जायचं धाडस होत नसेल, तर चार जणींना तिच्या घरी जमता येईल का ते बघा. तुम्हाला बोलावलं तर जा आणि हातात काहीतरी खायला घेऊन जा.

मुलगी शाळेत गप्प गप्प राहू लागली, जेवण टाकू लागली, किंवा मरणाची भाषा करू लागली, तर वाट न बघता शाळेच्या समुपदेशकाला गाठा. ९८८ या नंबरवर दिवसरात्र माणूस भेटतो, २ दाबलं की स्पॅनिशमध्ये बोलता येतं.

ऑगस्टअखेर बेदाण्याची तोडणी सुरू होईल. मग ती बाई अंधारात घर सोडेल आणि संध्याकाळी बोलायचं त्राण उरणार नाही. आजीचा फोन आणि वकिलाची भेट त्याआधीच लावून द्या.