पवना जलाशयाकाठी आमच्या घराशेजारच्या कॅम्पवर रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालतो, आणि तक्रार केल्यावर पाण्याकडे जाणारी आमची वाटही अडवली; पूर्वी चालकानेच ‘जा की खुशाल’ म्हटले होते. आमचे नाव उघड होण्याचीही भीती वाटते. पोलिसांकडे जावे की दिवाणी न्यायालयात?

आपल्या प्रश्नात दोन निरनिराळे वाद एकत्र आले आहेत. दर शनिवारी शेजारच्या कॅम्पवर रात्री दीड-दोन वाजेपर्यंत स्पीकर चालतो, हा पहिला; आणि आपण हटकल्यानंतर कॅम्पचालकाने तारेचे कुंपण घालून आपली पायवाट बंद केली, हा दुसरा. मुळशी खोऱ्यातील एका प्लॉटधारक संस्थेचे सचिवपद मी काही काळ सांभाळले असल्यामुळे असे वाद जवळून पाहिले आहेत, आणि त्यावरून माझा ठाम सल्ला असा की हे दोन्ही वाद एका अर्जात मांडू नयेत. आवाजाची तक्रार करणाऱ्याला स्वतःची मालकी सिद्ध करावी लागत नाही. ती भाडेकरूही करू शकतो. वाटेचा वाद मात्र कागदांवर चालतो आणि त्यात समोरच्याबरोबर आपलेही कागद उघडले जातात. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात आल्या, की ठाण्यातील अंमलदाराला ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ असे सांगून मोकळे होता येते, आणि ज्या तक्रारीवर त्याच रात्री कारवाई होऊ शकली असती ती जमिनीच्या भांडणात अडकून पडते.

आधी आवाजाचे पाहू. येथे मुख्य आधार ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 यांचा आहे. निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा बहुतेकांना ऐकून माहीत असते, आणि त्यामुळे लोक मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे ॲप उघडून बसतात. माझ्या मते आपण या आकड्यांच्या मागे लागू नये. एक तर गावाच्या हद्दीतील शेतजमिनीवरचा कॅम्प निवासी क्षेत्रात मोडतो की व्यापारी, यावर लगेच वाद घातला जातो. दुसरे असे की मोजणीची नेहमीची पद्धत माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार खालच्या स्वरांना फार कमी वजन देते, त्यामुळे ज्या धडधडीने खिडकीची तावदाने हादरतात ती यंत्रावर पुरती उमटत नाही. शिवाय मोबाइलवरचे मापन फार तर अंदाज म्हणून उपयोगी पडते, पुरावा म्हणून ते टिकणे कठीण असते.

आपल्या हातातील खरे साधन त्याच नियमांतील पाचव्या नियमात आहे. लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपक, ध्वनिवर्धक किंवा कोणतेही वाद्य वाजवण्यास मनाई आहे. याला अपवाद सभागृहासारख्या बंदिस्त जागांचा आणि सार्वजनिक आणीबाणीचा आहे. राज्य सरकारला वर्षातील जास्तीत जास्त 15 दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी ही मुदत मध्यरात्री बारापर्यंत वाढवता येते. त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून जाहीर होते आणि 31 डिसेंबर सहसा तिच्यात असतो, हे ध्यानात ठेवावे. उरलेल्या शनिवारी उघड्यावर, तंबूंच्या मध्ये, शेकोटीभोवती रात्री 10 नंतर वाजणारा स्पीकर मुळातच निषिद्ध आहे, मग तो 40 डेसिबलवर असो की 90 वर. म्हणून तक्रारीत ‘आवाज फार मोठा होता’ असे लिहिण्यापेक्षा ‘अमुक तारखेला रात्री 12 वाजून 40 मिनिटांनी उघड्या जागेत ध्वनिवर्धकावर संगीत सुरू होते’ असे लिहावे. पहिल्या वाक्यावर वाद घालता येतो, दुसऱ्यावर घालणे अवघड जाते.

मात्र तक्रार करण्यापूर्वी आवाज नेमका कोठून येतो याची खात्री करून घ्या. जलाशयाच्या काठी ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. हिवाळ्यातील निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पाण्यालगतची हवा थंड होते आणि तिच्या वर उबदार थर राहतो. अशा वेळी वर जाणाऱ्या ध्वनिलहरी पुन्हा खाली वळतात, पाण्याचा सपाट पृष्ठभाग त्यांना फारसा शोषून घेत नाही, आणि एरवी झाडोऱ्यात व चढउतारात विरून गेला असता असा आवाज पलीकडच्या काठापर्यंत स्पष्ट पोहोचतो. कॅम्पचा हंगामही नेमका याच महिन्यांत भरात असतो. तुंग किंवा तिकोना किल्ल्याच्या बाजूचे गाणे आपल्याला कुंपणापलीकडचे वाटू शकते. शेजाऱ्यावर अशी एक तक्रार खोटी ठरली, की पुढच्या दहा खऱ्या तक्रारींची किंमत जाते. एकदा बाहेर पडून, सार्वजनिक रस्त्यावरून, स्रोत डोळ्यांनी पाहावा आणि तेथूनच वेळ व जागा दिसेल असे चित्रण करावे. पाहुण्यांचे, विशेषतः मुलांचे आणि स्त्रियांचे, चेहरे टिपू नयेत. त्यातून आपल्याविरुद्धच तक्रार उभी राहते.

त्यानंतर प्रत्येक वेळी 112 वर दूरध्वनी करावा, कारण त्या कॉलची वेळेसह नोंद राहते. सोमवारी ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि एक प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना पाठवावी. पोलीस आले की स्पीकर बंद होतो आणि गाडी वळली की पुन्हा सुरू होतो, हा अनुभव सर्वांचाच असतो. म्हणून एका रात्रीच्या बंदीपेक्षा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 38 खाली लेखी आदेश मागणे अधिक उपयोगाचे असते. परिसरात राहणाऱ्यांना होणारा त्रास टाळण्यासाठी संगीत किंवा आवाज करणारा व्यवसाय यांवर निर्बंध घालणारा आदेश या कलमानुसार जिल्हा पोलीस अधीक्षक देऊ शकतात. स्पीकर नसताना नुसत्या आरडाओरड्याचा त्रास असेल, तर ध्वनिक्षेपकाचा नियम लागू होत नाही, पण हे कलम तेथेही कामी येते.

ध्वनिप्रदूषणासाठी पाच वर्षांची कैद होते, असे अनेक जुन्या लेखांत आपल्याला वाचायला मिळेल. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 मध्ये तशी तरतूद होती खरी, पण 2023 च्या जनविश्वास कायद्याने ती काढून तिच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा आर्थिक दंड आणला. तेव्हा शेजाऱ्याला तुरुंगाची धमकी देण्यात अर्थ नाही. त्याचा वकील ती हसण्यावारी नेईल.

नाव उघड होण्याची भीती आपण व्यक्त केली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर आणि पुन्हा जानेवारी 2025 मध्ये कुर्ला येथील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना तक्रारदाराची ओळख गुप्त राखण्यास सांगितले आहे, आणि अर्जात त्याचा आपण उल्लेख करू शकता. अर्थात काठावर जेमतेम चार घरे असतील तर तक्रार कोणी केली हे न सांगताही कळते. म्हणून एकट्याच्या अर्जापेक्षा गावातील दोन-चार कुटुंबांच्या सह्यांचा अर्ज बरा. त्याचा कायदेशीर फायदाही आहे: त्रास अनेकांना आहे असे दिसले, तर भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव थांबवण्याचा सशर्त आदेश मागता येतो. ‘कॅम्पमुळे गावच्या पोरांना रोजगार मिळतो’ हे उत्तर आपल्याला ऐकवले जाईल. ते खोटे नाही, पण काही लोकांची सोय किंवा फायदा होतो एवढ्याने सार्वजनिक उपद्रव क्षम्य ठरत नाही, असे भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 मध्येच म्हटले आहे.

आता वाट. येथे मला आपल्याला थोडे सावध करायचे आहे. पवना जलाशयाचा काठ, म्हणजे धरणासाठी संपादित झालेल्या रेषेच्या आतील जमीन, जलसंपदा विभागाची आहे. वळवण, शिरवता किंवा मुळशी येथे हीच जागा टाटांच्या वीज कंपनीकडे आहे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन मुख्यतः धरणग्रस्तांना हंगामापुरती कसण्यासाठी दिली जाते. त्यामुळे ‘लेक टच’ म्हणून विकलेल्या प्लॉटची हद्द पाण्याला भिडतेच असे नाही, आणि विक्रेत्याने दाखवलेली काठावरची हिरवळ खरेदीखतात कोठेही नसते. कॅम्पचे तंबू या संपादित पट्ट्यात असतील, तर त्याची तक्रार जलसंपदा विभागाकडे वेगळी करता येईल, मात्र आपले लाकडी घर, त्याचा ओटा किंवा आपलेच कुंपण त्या रेषेच्या आत नाही ना, आणि जमीन अकृषिक (बिगरशेती) झाली आहे ना, हे आधी पाहावे. तपासणीला आलेला कर्मचारी शेजाऱ्याचा तंबू मोजून परत फिरत नाही, तो आपल्याही कुंपणाकडे वळतो.

वाटेचा हक्क कशावर उभा आहे, यावर दाद कोठे मागायची ते ठरेल. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या आणि त्यावर गाडीवाट, पायवाट किंवा पाणंद दाखवली आहे का ते पाहा. नकाशावर वाट असेल, तर ती बंद करण्याचा अधिकार कॅम्पचालकाला नाही आणि तहसीलदारांकडे सरळ अर्ज करता येतो. नकाशावर नसेल, पण आपली जमीन शेतीची असेल आणि त्या शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली असेल, तर मामलेदार (म्हणजे तहसीलदार) न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली दावा होतो. तो अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणून कुंपण कोणत्या दिवशी पडले याची नोंद आजच करून ठेवा. आपल्या घरून पाण्यापर्यंत जाणारी खासगी पायवाट मात्र या दोन्हींत बसत नाही. तिच्यासाठी सुविधाधिकार अधिनियम, 1882 नुसार 20 वर्षांची उघड, शांततामय आणि अखंड वहिवाट हक्क म्हणून दाखवावी लागते आणि दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा लागतो. आपण पाच-सहा वर्षांपूर्वीच जागा घेतली असेल, तर आधीच्या मालकाची वहिवाटही सलग जोडून दाखवावी लागेल. कॅम्पचालकाने पूर्वी ‘जा की खुशाल’ म्हणून परवानगी दिली होती, असे आपण प्रश्नातच लिहिले आहे. परवानगीने वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क निर्माण होत नाही, त्यामुळे हे वाक्य आपल्या विरोधात जाणारे आहे.

मला वाटते, वाटेचा प्रश्न न्यायालयाबाहेरच सुटण्याची शक्यता अधिक आहे, फक्त बोलणी योग्य माणसाशी व्हायला हवीत. कॅम्प चालवणारा बहुधा पुण्या-मुंबईचा किंवा भाडेकरारावर आलेला असतो. जमिनीचा मालक गावातला असतो. त्याच्या वडिलांची किंवा आजोबांची उत्तम जमीन धरणात गेली असण्याची, आणि उरलेल्या खडकाळ तुकड्यावर आज तंबूंचे चार पैसे मिळत असण्याची दाट शक्यता आहे. पवना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न धरण होऊन अर्धे शतक उलटले तरी रेंगाळत राहिला. अशा माणसाकडे सुट्टीपुरत्या येणाऱ्या बंगलेवाल्याने ‘माझा पाण्याचा हक्क’ म्हणून नोटीस पाठवली, तर ती त्याला कशी वाटेल याचा विचार करावा. बंगल्यांची कुंपणे गावच्या गुरांची पाणवठ्याची वाट अडवतात, हेही अनेक ठिकाणी मी पाहिले आहे, आणि त्या बाबतीत आपली बाजू स्वच्छ असेल तरच गावातील कोणी आपल्या अर्जावर सही करील. घरी जाऊन, चालकाला न नेता, मालकाशी बोलावे. भाडेकराराचे नूतनीकरण त्याच्या हातात असते, आणि रात्री 10 नंतर स्पीकर बंद ही अट करारात त्याने घातली, तर ती कोणत्याही पोलीस फेरीपेक्षा अधिक पाळली जाते. वाटेबद्दल समझोता झाला, तर तो कागदावर घेऊन नोंदणी करावी. तोंडी परवानगीचे काय होते ते आपण पाहिलेच आहे.

बोलणी फिसकटली तरी दाव्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात ‘हद्द कायम’ मोजणीचा, म्हणजे जमिनीच्या सीमा मोजून निश्चित करण्याचा, अर्ज करा. मोजणीच्या वेळी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते आणि कुंपण नेमके कोणाच्या गटात पडले आहे हे सर्वांसमोर निश्चित होते. ती उन्हाळ्यात, पाणी खाली गेलेले असताना करून घ्यावी. पावसाळ्यात जलाशय भरला की संपादनाच्या रेषेवरचे दगड शोधणेच कठीण होते.