क्लिक केलं, पण काहीच उघडलं नाही

प्रश्न: आमची तालुक्याची पतसंस्था आहे. परवा रिझर्व्ह बँकेच्या नावानं मेल आला, सोबत झिप फाईल, आत एक्सेलसारखं काहीतरी होतं म्हणून आमच्या क्लार्कनं क्लिक केलं, तर काहीच उघडलं नाही. अँटिव्हायरसपण गप्प. मॅनेजर साहेब म्हणतात सोडून द्या. देऊ का सोडून?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर: अजिबात नको! काहीच उघडलं नाही हेच तर खटकतंय, कारण एक्सेलची फाईल खराब असली तरी निदान एखादा एरर दाखवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सहकारी बँकांना अगदी असेच मेल आले होते, पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीच्या सेक्राइट विभागानं ते पकडले. नाव रिझर्व्ह बँकेचं, फाईलच्या नावात एक्सएलएसएक्स आणि त्याच्यामागे जार, म्हणजे जावाचा प्रोग्रॅम. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलच्या नावातला प्रकार सांगणारा शेवटचा तुकडा, सहसा लपवतं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं एक्सेलच आहे. त्यातून शिरायचा अ‍ॅडविंड नावाचा रिमोट अ‍ॅक्सेस ट्रोजन, म्हणजे तुम्ही काय टाइप करताय, स्क्रीनवर काय आहे, सगळं लांब बसलेल्याला दिसणार.

आत्ता आधी त्या मशीनची लॅन केबल काढा, वायफाय बंद करा. फॉरमॅट मारू नका (कॉम्प्युटरवाला आल्या आल्या तेच सुचवेल), पुरावा जातो. पासवर्ड बदला पण दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून. खातं असलेल्या बँकेला फोन करा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ले बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, पण कळवायचं, लक्षात आल्यापासून ६ तासांत, २०२२ पासून तसा नियमच आहे.

पुढचं म्हणाल तर मेलवाल्याला सांगून जार, जेएस, व्हीबीएस, आयएसओ असल्या फाईली, झिपमधल्यासुद्धा, सर्व्हरवरच अडवा. जावा लागत नसेल तर काढून टाका, स्टाफला अ‍ॅडमिन लॉगिन देऊ नका. आणि खरी गोम वेगळीच असते, बऱ्याच छोट्या ऑफिसांत मेकर (पेमेंट भरणारा) आणि चेकर (ते मंजूर करणारा) दोघांचे आयडी एकाच कॉम्प्युटरवर चालतात, वर चेकरचा पासवर्ड क्लार्कला पाठ! मग चोराला दोन्ही एकाच जागी मिळतात. पेमेंटसाठी एक मशीन वेगळं ठेवा, त्यावर मेल उघडायचाच नाही.

साहेब तरी ऐकत नसतील तर केबल काढल्यावर त्या मशीनच्या ब्राउझरमधली सेव्ह केलेल्या पासवर्डची यादी त्यांना उघडून दाखवा, त्यात संस्थेचा बँकेचा आयडी दिसला की स्वतःच फोन लावतील.