फोनवरून केलेली रुग्णसेवा

प्रश्न : आमच्या सोसायटीत आर्मी मेडिकल कोअरमधून 2012 साली निवृत्त झालेले एक कर्नल डॉक्टर राहतात. 2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्यांनी स्वतःहून नाव नोंदवलं आणि ई-संजीवनीवर, म्हणजे घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवर, रुग्ण तपासले. त्यांचा सत्कार करावा असं आम्हा काही जणांना वाटतं. पण बैठकीत एक सभासद म्हणाले, "घरात बसून बोलले, वॉर्डात कुठे उभे राहिले?" साहेबही शाल-श्रीफळ नको म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सत्कार जरूर करा. मी लष्करी रुग्णालयात परिचर्या अधिकारी होते, त्यामुळे त्या सभासदांचं बोलणं मला फार लागलं. 26 एप्रिल 2021 ला तेव्हाचे संरक्षण दल प्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पंतप्रधानांना काय सांगितलं होतं, ते त्यांना दाखवा. आधीच्या दोन वर्षांत सेना सोडलेल्या डॉक्टरांनी घराजवळच्या कोविड केंद्रात काम करायचं आणि त्याहून जुन्यांनी हेल्पलाइनवरून सल्ला द्यायचा, असं ठरलं होतं. पुढे मे महिन्यात 400 माजी अधिकाऱ्यांना जास्तीत जास्त 11 महिन्यांच्या करारावर घेण्याचा आदेश निघाला, पण तोही 2017 ते 2021 या काळात सेवेतून मोकळे झालेल्यांसाठी. म्हणजे 2012 ला निवृत्त झालेल्या साहेबांकडून देशाने जे मागितलं, तेच त्यांनी केलं.

आणि ते काम हलकं नव्हतं हो! पलीकडे घाबरलेली लेक असते. बाबांचं ऑक्सिजन 95, पण सहा मिनिटं चालवल्यावर 91 वर आलं, असं ती सांगते. आता थांबू नका, दवाखान्यात न्या, हे न चाचरता सांगावं लागतं. दुसरीकडे ताप साधा असूनही घरचे रेमडेसिव्हिरच्या चिठ्ठीसाठी हटून बसतात, कुणी पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केलेलं असतं. त्यांना थोपवायचं, पालथं कसं झोपवायचं ते समजवायचं, आणि हे सगळं नाडीला हात न लावता. अनुभवी माणसाचंच ते काम.

शाल नको तर नको. एक मानपत्र द्या, पण 'कोरोना योद्धा' असा छापील मजकूर टाकू नका. कोणी तरी त्यांच्यासमोर बसून विचारा: रोज किती तास बसत, कुठले रुग्ण येत, कोणता फोन अजून आठवतो. तेच मानपत्रात उतरवा, रुग्णाचं नाव मात्र कुठेही नको. साहेबांच्या पत्नीलाही बोलतं करा. त्या दिवसांत घर कोणी सांभाळलं तेही त्या कागदावर यायला हवं.

कार्यक्रम 3 एप्रिलला ठेवा. तो आर्मी मेडिकल कोअरचा स्थापना दिवस. 26 जानेवारीच्या गर्दीत हा सत्कार उरकू नका. मानपत्रावर सगळ्यात वर कोअरचं ब्रीद लिहा, 'सर्वे सन्तु निरामयाः'. आणि नाव लिहिताना आधी 'कर्नल', मग नाव, शेवटी कंसात 'निवृत्त'. 'निवृत्त कर्नल' असं लिहू नका. सैन्यात हुद्दा निवृत्त होत नाही, अधिकारी होतो.