वाचकांचे प्रश्न : ‘अनदर प्रॉमिस’ला पडदे का मिळाले नाहीत?

प्रश्न : ‘अनदर प्रॉमिस’ या 2014 सालच्या कोरियन चित्रपटाचा उल्लेख नुकताच वाचनात आला. एका बलाढ्य कंपनीशी झगडणाऱ्या बापाची ही कथा असून तिच्यात पैसा घालायला कोणीच तयार नव्हते, असे त्यात म्हटले होते. कोरियात एवढा भरभराटीचा चित्रपटव्यवसाय असताना असे का झाले, आणि मग पैसा उभा राहिला तरी कसा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चित्रपट ज्या घटनेवर उभा आहे ती आधी सांगणे भाग आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. दक्षिण कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर सोक्चो नावाचे शहर आहे. तिथले टॅक्सीचालक ह्वांग सांग-गी यांची मुलगी यू-मी 2003 साली, शालेय शिक्षण संपता संपताच, सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सच्या गिहंग येथील सेमीकंडक्टर कारखान्यात नोकरीला लागली. सिलिकॉनच्या पातळ चकत्या रसायनांत बुडवून धुऊन काढणे हे तिचे काम होते. 2005 मध्ये तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तिच्या जोडीने तेच काम करणारी सहकारी 2006 मध्ये त्याच आजाराने गेली. पुढच्या वर्षी, 6 मार्च 2007 रोजी, सुवॉनच्या रुग्णालयातून घरी परतत असताना, वडील गाडी चालवत होते आणि त्याच टॅक्सीत यू-मीने प्राण सोडला. ती 22 वर्षांची होती. हा आजार कामामुळे झाला हे सरकारी कामगार-भरपाई यंत्रणेने मान्य करावे, एवढीच वडिलांची मागणी होती. ती फेटाळली गेली, ते न्यायालयात गेले आणि 23 जून 2011 रोजी सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने यू-मी व तिची सहकारी या दोघींच्या बाजूने निकाल दिला. या लढ्यातूनच ‘बानोल्लिम’ ही सेमीकंडक्टर कामगारांच्या आरोग्यासाठी झगडणारी संघटना उभी राहिली.

आता पैशाकडे येतो. कोरियात मोठा चित्रपट उभा राहतो तो बहुधा मुख्य गुंतवणूकदाराच्या बळावर, आणि हा मुख्य गुंतवणूकदार म्हणजे बहुतेक वेळा वितरण कंपनीच असते. यांतल्या सीजे आणि लोट्टे या मोठ्या कंपन्या उद्योगसमूहांच्या आहेत, आणि त्यांच्याच समूहांकडे चित्रपटगृहांच्या साखळ्याही आहेत. अशा व्यवस्थेत देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारी संहिता घेऊन कोणाच्या दारात जायचे? दिग्दर्शक किम थे-युन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दार ठोठावत बसण्याऐवजी थेट लोकांकडे हात पसरला. शेतीच्या कामात गावाने मिळून एकमेकांची शेते उरकून देण्याची जुनी कोरियन प्रथा आहे, आपल्याकडच्या इरजिकीसारखी. तिचेच नाव देऊन ही वर्गणी मागितली गेली. हजारो माणसांनी लहान लहान रकमा दिल्या आणि उरलेला भाग व्यक्तिगत गुंतवणूकदारांनी उचलला. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या पैशाविना, सबंध खर्च अशा रीतीने उभारून चित्रपटगृहांत आलेला कथापट ही कोरियात तोवर न घडलेली गोष्ट होती. अनेक कलाकार-तंत्रज्ञांनी नाममात्र मानधनावर काम केले. बापाच्या भूमिकेतले पार्क चोल-मिन हे प्रेक्षकांना प्रामुख्याने विनोदी सहाय्यक भूमिकांतून परिचित असलेले नट. या चित्रपटाचा सारा भार त्यांच्या खांद्यावर आहे आणि तो त्यांनी एकही शब्द न चढवता पेलला आहे. वकिलांच्या कार्यालयात आपल्याला कोणता कागद कशासाठी मागतात हे न कळलेला, तरीही मान हलवून ‘हो’ म्हणणारा त्यांचा चेहरा मला चित्रपटातल्या कोणत्याही संवादापेक्षा जास्त बोलका वाटतो.

अशा वर्गणीची वाट आधी ‘26 इयर्स’ने दाखवली होती. 1980 साली ग्वांगजू शहरात लष्कराने आंदोलक नागरिकांचे जे हत्याकांड केले, त्यात आप्त गमावलेली माणसे त्याला जबाबदार असलेल्या माजी हुकूमशहाला मारण्याचा बेत आखतात, अशी त्याची कथा. 2008 साली कलाकार ठरले होते, चित्रीकरण तोंडावर आले होते आणि ऐन वेळी गुंतवणूकदारांनी अंग काढून घेतले. चार वर्षांनी सुमारे 15,000 नागरिकांच्या वर्गणीने आणि काही मोठ्या वैयक्तिक गुंतवणुकींच्या आधाराने तो पूर्ण झाला आणि 29 नोव्हेंबर 2012 रोजी प्रदर्शित झाला. शेवटी देणगीदारांची नावे पडद्यावरून कितीतरी मिनिटे सरकत राहतात. तिकीटबारीवर तो चांगला चालला, आणि ‘अनदर प्रॉमिस’च्या मंडळींना लोकांकडे जाण्याचा धीर आला तो त्यामुळेही असावा.

प्रश्न : चित्रपटावर सरकारने बंदी घातली नव्हती, मग प्रदर्शनात अडथळा आला म्हणजे नेमके काय झाले? कंपनीने दबाव आणला हे सिद्ध झाले आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बंदी नव्हती आणि घालणे सोपेही नव्हते. चित्रपट दाखवण्याआधी सरकारी यंत्रणेने तो तपासून कात्री लावण्याची पद्धत कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने 1996 सालीच घटनाबाह्य ठरवली. ऑक्टोबर 2013 मध्ये बुसान आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात चित्रपट दाखवलाही गेला. तेव्हा त्याचे नाव वेगळे होते : ‘आणखी एक कुटुंब’. सॅमसंगच्या जाहिरातींतले हे घोषवाक्य कोरियातल्या लहान मुलालाही पाठ होते, त्यामुळे नावातच आरोप होता. प्रदर्शनापूर्वी ते बदलून ‘आणखी एक वचन’ असे झाले. माझ्या मते मूळ नाव अधिक धारदार होते, पण नव्या नावाने कायदेशीर वादाचे एक टोक तरी बोथट झाले.

खरी अडचण आली ती 6 फेब्रुवारी 2014 या प्रदर्शनाच्या तारखेच्या आसपास. कोरियात त्या वेळी सुमारे 2,200 पडदे होते आणि त्यांतले 90 टक्क्यांहून अधिक सीजीव्ही, लोट्टे सिनेमा आणि मेगाबॉक्स या तीन साखळ्यांच्या हातात होते. कोणत्या चित्रपटाला किती पडदे द्यायचे हे साखळ्या प्रदर्शनाच्या अगदी तोंडावर ठरवतात, त्यामुळे लहान वितरकाला प्रसिद्धीचा पैसा खर्च झाल्यावरच आपल्या वाट्याला काय आले ते कळते. ‘अनदर प्रॉमिस’चे नाव आगाऊ तिकीटविक्रीच्या यादीत वरच्या क्रमांकांत होते. तरीही लोट्टे सिनेमाने सुरुवातीला सबंध देशात फक्त 7 चित्रपटगृहे देऊ केली. गदारोळ झाल्यावर आकडा थोडा वाढला. पण सगळ्या साखळ्या मिळून चित्रपट उघडला तो जेमतेम 100 पडद्यांच्या आसपास. त्यातही खेळाची वेळ हा वेगळाच विषय आहे. सकाळी लवकरचा किंवा रात्री उशिराचा खेळ मिळाला तर कागदावर पडदा दिसतो, पण नोकरदार प्रेक्षक तिथे पोहोचू शकत नाही. काही ठिकाणी गटाने केलेल्या नोंदण्या रद्द झाल्याच्या तक्रारीही पुढे आल्या. शेवटी नागरी संघटना आणि वकिलांच्या गटाने लोट्टे सिनेमाविरुद्ध फेअर ट्रेड कमिशनकडे, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, दाद मागितली.

चित्रपटगृहांचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. हा निव्वळ व्यावसायिक निर्णय आहे, बाहेरून कोणी सांगितलेले नाही, असे त्यांनी सांगितले. त्या आठवड्यांत ‘फ्रोझन’ आणि ‘मिस ग्रॅनी’ या चित्रपटांना तुफान गर्दी होती, ही वस्तुस्थिती आहे. सॅमसंगकडून थेट सूचना गेल्याचा पुरावा पुढे आलेला नाही, आणि पुरावा नसताना तसा आरोप मी करणार नाही. पण सूचना द्यावीच लागली नसेल, ही शक्यता मला अधिक गंभीर वाटते. जिच्या जाहिराती वर्तमानपत्रांपासून चित्रपटगृहाच्या पडद्यापर्यंत सगळीकडे असतात, त्या कंपनीला काय खपणार नाही याचा अंदाज व्यवस्थापकाला न सांगताही येतो, आणि तो आपणहून हात आखडता घेतो. याच्या शेजारी ‘द अॅटर्नी’ ठेवून पाहा. डिसेंबर 2013 मध्ये आलेला हा चित्रपटही न्यायालयीन लढ्याचा, सत्तेला जाब विचारणारा, आणि तरीही त्याने एक कोटीहून अधिक प्रेक्षक मिळवले. त्याच्यामागे तगडा वितरक होता, नामवंत नायक होता, आणि त्यातली जुलमी राजवट तीस वर्षांपूर्वीची होती. गेलेल्या हुकूमशहावर बोट ठेवणे आणि आजच्या जाहिरातदारावर बोट ठेवणे यांतला फरक या दोन चित्रपटांच्या पडद्यांच्या संख्येत दिसतो.

प्रेक्षकांनी मात्र चित्रपट सोडला नाही. संघटनांनी, महाविद्यालयीन गटांनी, काही कलावंतांनी अख्खे खेळ भाड्याने घेऊन लोकांना तो दाखवला. एवढ्या तुटपुंज्या पडद्यांवर सुमारे 5 लाख तिकिटे विकली गेली. कमी खर्चाच्या चित्रपटासाठी हा आकडा लहान नाही; पण योग्य वेळेचे खेळ मिळाले असते तर तो कुठवर गेला असता हा प्रश्न वितरकांना तेव्हाही छळत होता आणि मलाही रास्त वाटतो.

प्रश्न : चित्रपटात दाखवलेले सगळे खरे मानावे का? आणि त्या वडिलांचे पुढे काय झाले? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : हा माहितीपट नाही. कंपनीचे नाव त्यात ‘जिनसंग’ आहे, वडील हान सांग-गू झाले आहेत, मुलगी युन-मी झाली आहे. काही व्यक्तिरेखा अनेक खऱ्या माणसांना एकत्र करून घडवलेल्या आहेत. फेब्रुवारी 2014 मध्ये सॅमसंगच्या अधिकृत ब्लॉगवर सेमीकंडक्टर विभागातल्या एका कर्मचाऱ्याने, चित्रपटाने कंपनीची विपर्यस्त प्रतिमा रंगवली आहे, असा आक्षेपही घेतला. कंपनीतली प्रत्येक व्यक्ती चित्रपटात दाखवली तशी थंड काळजाची असेल असे मलाही वाटत नाही, आणि कंपनीच्या माणसांची दृश्ये हीच या चित्रपटातली सर्वांत सपाट दृश्ये आहेत. मात्र ज्या कण्यावर कथा उभी आहे तो, म्हणजे आजार, मृत्यू, फेटाळलेला दावा आणि 2011 चा निकाल, सरकारी नोंदींत आहे.

चित्रपट लागला तेव्हा खटल्याचे अपील प्रलंबित होते, हे लक्षात ठेवून तो पाहावा. 14 मे 2014 रोजी सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचे उपाध्यक्ष क्वॉन ओ-ह्यून यांनी आजारी कामगार व त्यांच्या कुटुंबीयांची जाहीर माफी मागितली आणि भरपाईची तयारी दाखवली. आजाराचे कारण हेच, असे मात्र त्यांनी म्हटले नाही. ऑगस्ट 2014 मध्ये सोलच्या उच्च न्यायालयाने यू-मीच्या बाजूचा निकाल कायम केला, पुढे अपील झाले नाही आणि तो अंतिम ठरला. तरीही भरपाईच्या अटींवरून बोलणी फिसकटली. ऑक्टोबर 2015 पासून बानोल्लिमच्या कार्यकर्त्यांनी आणि कुटुंबीयांनी सोलच्या गांगनाम भागात, सॅमसंगच्या इमारतीसमोर ठिय्या मांडला. तो 1,023 दिवस चालला. 23 नोव्हेंबर 2018 रोजी मध्यस्थ समितीचा तोडगा दोन्ही बाजूंनी स्वीकारला, कंपनीचे प्रमुख किम की-नाम यांनी कारखान्यांतले धोके पुरेसे हाताळले गेले नाहीत हे मान्य करून माफी मागितली, आणि 1984 पासून त्या कारखान्यांत काम केलेल्यांना भरपाईसाठी अर्ज करण्याचा मार्ग खुला झाला. मुलीला दिलेला शब्द पाळायला वडिलांना 11 वर्षे लागली.

या विषयात आणखी शिरायचे असेल तर ‘द एम्पायर ऑफ शेम’ हा माहितीपट पाहावा. तो यू-मीच्या सातव्या स्मृतिदिनी, 6 मार्च 2014 रोजी प्रदर्शित झाला. कथापटात एका घरापुरते दिसणारे दुःख त्यात अनेक घरांत दिसते, आणि आजारी कामगार स्वतःच्या तोंडाने बोलतात. आधी ‘अनदर प्रॉमिस’ आणि मग हा माहितीपट, असा क्रम मी सुचवीन. खटल्याचा घटनाक्रम डोक्यात असला की त्यातल्या माणसांचे बोलणे सहज समजते.